एकशे पस्तीसची लेन्स

आमचं मूळ मालवणच्या बाजूचं, पण माझा जन्म घाटकोपरचा, डोंगरावरच्या चाळीतला. वडील कुर्ल्याला गिरणीत होते, ती बंद पडली तेव्हा मी दहावीला होतो, मग दहावी कसली नि काय, खाली बाजारात फोटो स्टुडिओ होता तिथे लागलो, आधी लादी पुसायला, मग लाईट धरायला, असं करत करत एक दिवस मालक म्हणाला परब, आज बारशाला तू जा, आणि मी गेलो तो आयुष्यभर जातच राहिलो. लग्नं, बारशी, साखरपुडे, सत्यनारायण. काय सांगू तुम्हाला ताई, अर्ध्या घाटकोपरची माणसं माझ्या फोटोत आहेत. एक सुनंदा तेवढी धड नाही. सुनंदा म्हणजे आमची मिसेस, चार वर्षं झाली तिला जाऊन.

स्वतःचा कॅमेरा घेतला तो लग्नानंतर. जुनाच, रोलचा, जपानी, वजनदार. त्याच्यावर पन्नासची लेन्स होती. आता राग मानू नका, तुम्हाला लेन्सचं कळत नसेल म्हणून सोपं करून सांगतो, पन्नासची म्हणजे आपल्या डोळ्याला दिसतं साधारण तसं. आकडा कमी झाला की रुंद दिसतं, अख्खी खोली मावते. आकडा वाढला की लांबचं जवळ येतं. बस, एवढंच. तर पहिला रोल टाकला आणि पहिला फोटो सुनंदाचा. चेहरा मोठा यावा म्हणून मी अगदी जवळ गेलो, आणि जवळून काढलं ना की नाक पुढे येतं, कोणाचंही येतं. तिने तो फोटो बघितला नि म्हणाली ह्यां काय, माजां नाक केवढां ह्यां, आणि फाडून टाकला. हसत हसत फाडला हां, भांडण नाही. मी म्हटलं अगं तुझ्या नाकाचा दोष नाही, लेन्सचा आहे, मला एकशे पस्तीसची घेऊ दे, लांब उभा राहून काढतो, आहे तस्सा चेहरा येईल. शब्द दिला मी तिला.

दोन वर्षांनी थोडे पैसे जमले. नवी लेन्स आपल्याला झेपणार नव्हतीच, म्हणून फोर्टात एका गल्लीत जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान होतं तिथे दोघं गेलो. दुकानदार चाचांनी काउंटरवर दोन लेन्स ठेवल्या, एक अठ्ठावीसची, एक एकशे पस्तीसची, दोन्ही वापरलेल्या, दोन्ही साफ, आतून बुरशी नाही काही नाही. मुंबईच्या हवेत लेन्सला बुरशी लागते ना, वाट लागते काचेची, म्हणून मी बॅटरी मारून मारून बघितलं. परवडणार होती एकच. मी आधी एकशे पस्तीसची लावली आणि कॅमेरा दरवाजाकडे फिरवला. सुनंदा दरवाजात उभी होती, बाहेर रस्त्यावर काहीतरी बघत होती, तिचं लक्ष नव्हतं माझ्याकडे. आणि ताई, तो चेहरा आला. मागचा सगळा रस्ता पुसट झाला आणि फक्त ती. नाक बिक सगळं जिथल्या तिथे. मी बटण दाबलं नाही, कारण कॅमेऱ्यात रोल नव्हता. लेन्स बघायला जाताना रोल कोण टाकतं, उगाच एक फ्रेम फुकट घालवायची. आमच्या धंद्यातली काटकसर ही, एका रोलमध्ये फोटो छत्तीस म्हणजे छत्तीस, एक वाया जायला नको. ती एक फ्रेम मी वाचवली.

मी म्हटलं हीच घेऊ. तर ती म्हणाली, आणि चाचांसमोर म्हणाली हां, घराकडे तुमी फोटो काढतास तेव्हा माणसां भायर रवतत, तेंका वायट वाटता, ती रुंदवालीच घेवा. खरंच होतं ते. दहा बाय बाराची खोली, त्यात सत्यनारायण, भिंतीला पाठ टेकवली तरी पन्नासच्या लेन्समध्ये दोनतीन माणसं बाहेर राहायची, मग ती रुसायची, नंतर कोणी बोलवायचं नाही. मी म्हटलं आणि तुझा फोटो? म्हणाली माका काय, मी रोज तुमच्या डोळ्यासमोर आसय. चाचा पण हसले, म्हणाले भाभी सही बोलती है. घेतली अठ्ठावीसची.

आणि त्या लेन्सने धंदा दिला, खोटं कशाला बोलू. परबकाकाला बोलवा, त्याच्या फोटोत सगळी येतात, असं नाव झालं. फक्त तिची एक खोड असते, रुंद लेन्सची, फ्रेमच्या कडेला जे उभे असतात ते ओढल्यासारखे दिसतात. गाल फुगतो, कान पसरतो. म्हणून मी जाड्या माणसाला कधी कडेला उभं केलं नाही, हसू नका, खरं सांगतो, नवऱ्याचा मामा म्हणून कडेला उभा राहायला गेला की मी मामा तुम्ही मध्ये या, तुमच्याशिवाय फोटो कसा, असं करून आत घ्यायचो. सगळ्या जगाला आत घेतलं मी.

घरचा फोटो असला की मी कॅमेरा कपाटावर ठेवायचो आणि टायमर लावायचो. दहा सेकंद, घुर्र करत तो दांडा खाली येतो, तेवढ्यात आपण पळत जाऊन उभं राहायचं. आता मी सगळ्यात शेवटी येणार, मग माझी जागा कुठे, कडेला. आणि ती जागा अडवून कोण धरणार, सुनंदा. हात असा आडवा करून उभी राहायची, पोरंटोरं घुसायला बघायची, त्यांना ढकलायची, आणि मला ओरडायची या, या, या लवकर. मी पोचायचो नि ती हात खाली घ्यायची, खटॅक. गणपती, मुलीचं बारसं, दहावी, सगळं असंच. सगळ्यांत ती कडेला, माझ्या बाजूला.

मग रोल गेले, मोबाईल आले, माझं काम सुटलं, कॅमेरा डब्यात गेला. तो पण तिनेच नीट ठेवलेला, बुटांच्या खोक्यात त्या दाण्यांच्या पुड्या येतात ना दमट हवा शोषायच्या, त्या शेजारपाजाऱ्यांकडून मागून आणून डब्यात टाकायची. मुलगी मनीषा, तिचं लग्न झालं, दिंडोशीला घर झालं, आम्ही दोघं तिच्याकडे आलो. आणि तिथे सुनंदा आजारी पडली. पाच महिन्यांत संपलं.

तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो हवा, तर सापडेना. विश्वास बसणार नाही तुम्हाला, फोटोग्राफरच्या घरात. मोबाईलमध्ये होते, पण कशात ती वाकून भाकऱ्या थापतेय, कशात हात आडवा धरलाय, माका नको म्हणून, आणि नंतरचे सगळे आजारपणातले, ते बघवत नाहीत. मनीषाच्या लग्नात फोटोवाला दुसरा होता, त्याच्या फोटोत सुनंदा मान खाली घालून डोळे पुसतेय. शेवटी एका गणपतीचा ग्रुप फोटो निघाला, त्यात ती सरळ बघत होती. लॅबवाल्याने तिच्यापुरता कापला, मोठा केला, मागे निळा रंग भरला. पण कडेचा तो. एक गाल रुंद, कान ओढलेला. खांद्याजवळ माझ्या शर्टाच्या चौकड्या राहिल्यात थोड्या. भावाची नात आली, चार वर्षांची, म्हणाली ही कोण. मी उठून गॅलरीत गेलो.

मी जाड्या मामाला वाचवलं ताई, आणि हिला तिथे उभी ठेवली, तीस वर्षं. मला माहीत होतं कडेला काय होतं ते. पण ती माझ्यासाठी उभी होती ना तिथे, म्हणून कधी डोक्यातच आलं नाही.

गेल्या वर्षी परत फोर्टात गेलो. दुकान आहे, चाचा गेले, मुलगा बसतो. आता पोरंपोरी परत रोलचे कॅमेरे घेतायत, गर्दी असते. दोन एकशे पस्तीसच्या होत्या, एक जास्त उजेड घेणारी, ती महाग, आणि एक साडेतीनवाली, म्हणजे उजेड कमी घेणारी, आत थोडी धूळ, पण बुरशी नाही, रिंग मऊ फिरत होती. धुळीने फोटोला काही होत नाही, साडेतीनवाली घेतली. मनीषा चिडली, म्हणाली बाबा, आता कोणाचा फोटो काढणार? बरोबर होतं तिचं. दुकानातच मी लेन्स लावून दरवाजाकडे फिरवली. रोल टाकून गेलो होतो ह्या वेळी. दरवाजात कोणी नव्हतं. तरी दाबलं मी बटण.

मग म्हटलं उरलेल्या रोलवर आपलाच काढून ठेवू. उद्या मनीषाला मला कुठल्या लग्नातून कापायची वेळ नको. हॉलच्या एका टोकाला स्टूल, दुसऱ्या टोकाला कॅमेरा, तोच टायमर, घुर्र. पण गुडघे गेलेत हो. दहा सेकंदांत पोचायचं नाही मला. रोल धुवून आला तर अर्ध्या फोटोंत माझी पाठ, काहींत मी बसतोय, आणि एकच धड आला. चेहरा आहे तस्सा. मनीषाने मोबाईलवर बघितला आणि म्हणाली बाबा, छान आलाय, पण तुम्ही एकदम कडेला बसलात, बाजूची सगळी जागा रिकामीच. स्टूल मीच ठेवलं होतं, मीच नेम धरला होता, पण खरं सांगतो, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ती म्हणाली कापून घेऊ का, मध्ये येईल.

मी म्हटलं नको गं, राहू दे. आता तो फोटो तिच्या फोटोशेजारी लावायचा, माझं झालं की. मनीषाला सांगून ठेवलंय कुठल्या बाजूला ते. तुम्ही चहा घ्या ताई, निवला बघा. आणि घरी आई असेल ना तुमची, तिला आज मधोमध बसवा आणि एक फोटो काढा. नको म्हणेल ती. तरी काढा.