तेराव्या बोयाचं डिझेल

मंडळी, मागच्यांनी जरा पुढं या. खुर्च्या रिकाम्या आहेत.

सकाळी आपण सुमनवहिनीचा दहावा केला आणि संध्याकाळी पुन्हा सगळे या सोसायटीच्या हॉलवर जमलात. बाजारातल्या बाया तर टोपल्या झाकून तशाच आल्यात. मला बोलायला उभं केलंय. काय बोलू? मी न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो. हॉर्नच्या वर आवाज काढायची मला सवय आहे. आज जमेल तेवढं बोलतो.

काहींना माहीत नसेल म्हणून सांगतो. मी वहिनीचा धाकटा दीर, दादाचा भाऊ. ती लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा मी शाळेत जात होतो आणि आमची आई नव्हती. बाकी सांगायची गरज आहे का? "भावजी, जेवलाव का?" एवढं विचारणारं माणूस घरात आलं, आणि आमचं घर पुन्हा घर झालं.

तिच्या स्वयंपाकघरात भिंतीला एक दोरी बांधलेली आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी बघितली असेल. दोन खिळ्यांना ताणलेली, आणि तिच्यात जाळं तरंगतं राहावं म्हणून लावतात ते बारा बोये ओवलेले. पाहुण्यांना वाटायचं, शोभेला लावलंय. शोभेचं कसलं! वहिनीचं वर्ष होतं ते.

तिचं वर्ष नारळी पौर्णिमेला सुरू व्हायचं. त्या दिवशी ती घरातलं एक काम ठरवायची. त्याला पैसे किती लागतील ते विचारून घ्यायची आणि त्याचे बारा वाटे करायची. दर पौर्णिमेला बघायची. एका वाट्याची बचत झाली असेल तर एक बोया डावीकडून उजवीकडे सरकायचा. नसेल झाली, तर बोया तिथंच. बोलायची काही नाही, पण अख्ख्या घराला दिसायचं. आणि मंडळी, आपल्याकडं पावसाळ्यात मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर. म्हणजे कमाई दहा महिन्यांची आणि बोये बारा! म्हणून हंगामात मासळी चांगली लागली, की ती एका पौर्णिमेला दोन बोये सरकवायची. त्या दिवशी तिचा तोरा बघून घ्यावा.

तिच्या लेकीनं, दीपानं, एकदा वहिनीच्या फोनमध्ये बचतीचं ॲप घालून दिलं. पावसाळा आला आणि ॲप लाल झालं. या महिन्यात तुम्ही मागे पडलात म्हणे. वहिनी फोनवरच उखडली. "मागं पडली? मी? अगं, त्याला सांग, बंदी हाय! यो काय दर्यावरचा हाय का?" ॲप काढून टाकलं. दोरी राहिली.

त्या दोरीवर काय काय झालं? एका वर्षी घराचे पत्रे झाले. एका वर्षी दादाच्या होडीचं इंजिन. दोन वर्षं लागोपाठ दीपाचं नर्सिंग. आणि एक वर्ष माझं. माझं अवजड गाडीचं लायसन त्या दोरीवरून आलंय. आज मी जो पगार घेतो तो वहिनीच्या बोयांचा आहे. तिच्या नावचं एक तरी वर्ष होतं का? मी आठवून बघितलं. नव्हतं.

यंदा काम होतं दादाच्या नव्या जाळ्यांचं. वैशाखातच बारावा बोया सरकला. आणि पुढं अधिक महिना आला. पौर्णिमा एक जास्त. वर्ष झालं तेरा महिन्यांचं. वहिनीनं माझ्याकडून एक लाल बोया मागवून घेतला आणि दोरीत ओवला. म्हणाली, "भावजी, यो तेरावा. यो कुनाचा न्हाय. यो माजा."

मी म्हटलं, अधिक महिना तर जावयाचा असतो. म्हणाली, "दीपाचं लगीन होऊ दे, मग जावयाचं बगू."

मग मी विचारलं, वहिनी, घेणार काय? मंडळी, घरात कुणाला काय पाहिजे ते ही बाई झोपेतसुद्धा सांगेल. स्वतःला काय पाहिजे, ते तिला सांगता येईना. सुकट विकून पैसे जमवत होती आणि विचार करत होती. मी रोज चिडवायचो. साडी? "हायत." बांगड्या? "कुनाला दाखवू?"

लाल बोया सरकला त्या दिवशी तिनं दादाला सांगितलं, मी तिथंच होतो. म्हणाली, "मना तुमच्या होडीतून जायचंय. जालं टाकता ना, तिथवर. मासली धरायची न्हाय. नुसतं जायचं, बगायचं, परत यायचं. डिझेल माज्या पैशाचं."

दादा हसला. म्हणाला, मोरा बंदरातल्या लाँचनं मुंबईला जातेस की. ती म्हणाली, "लाँच मुंबईला जाते. मी जलमभर या दर्याची मासली इकली. दर्या मदी कसा असतो, ते मना ठावं न्हाय."

दादा म्हणाला, आता बंदी आहे, नारळी पौर्णिमा होऊ दे. बरोबरच म्हणाला. होडी शाकारून ठेवलेली होती. वहिनी म्हणाली, "होऊ दे. मी कुठं पलून चालली?"

त्याच आठवड्यात दुपारी सुकट पिशव्यांत भरता भरता ती भिंतीला टेकली. ती पुन्हा उठली नाही.

आता जे बोलायला मी उभा आहे ते बोलतो. काल घरात वडीलधाऱ्यांनी विचारलं, तेराव्याचे पैसे काढून ठेवलेत का? जेवणाचं विचारत होते ते. पण दादा कुठं भानावर आहे? त्यानं ‘तेराव्याचे’ एवढंच ऐकलं. आत गेला आणि वहिनीच्या तेराव्या बोयाचे पैसे आणून आचाऱ्याच्या हातात दिले. चूक कुणाचीच नव्हती. पण मला ते बघवलं नाही. जन्मात एकदा स्वतःसाठी ठेवलेले पैसे, तेही तिच्या मागं आमच्या पंगतीला?

ते पैसे मी रात्रीच आचाऱ्याकडून परत आणलेत. हे घे, दादा. सगळ्यांसमोर देतो. तेराव्याचं जेवण मी घालतो. हे डिझेलचे आहेत. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून झाला, की होडी काढ. जाळी घरी ठेव. दीपाला सोबत घे. जाळी टाकतोस तिथवर जा, इंजिन बंद कर, थोडा वेळ थांब आणि परत ये. मासळी दिसली तरी धरू नको.

रडू नको रे.

मंडळी, आता आपण दोन मिनिटं उभं राहू. एक विनंती आहे. अशा वेळी आपण मनात म्हणतो, आमच्यावर लक्ष असू दे, आशीर्वाद असू दे. आज तसं म्हणू नका. आम्ही सगळ्यांनी तिच्याकडं जन्मभर काही ना काही मागितलं. ही दोन मिनिटं तिच्याकडं कुणी काही मागू नका.

वहिनी, जेवलो मी.

उठा मंडळी.