सात नंबरचा चिमटा

— नाही, नाही, उठू नका, मीच सरकते. बाक काही माझा नाही, मी आपली पसरलेय एवढंच. हा डबा उचलते, ही बाटली, हा जादा स्वेटर, हा जादाचा जादा. दोन दिवसांसाठी आलोय आणि सामान बघा, घर बदलल्यासारखं. तर काय सांगत होते मी? हां, झोप. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझा, आणि कशापायी म्हणाल तर एका प्रश्नापायी. प्रश्न माझा नाही हो, शाळेचा. 'बाळ, तुझं नाव काय?' बस, एवढाच. उद्या सकाळी दहा वाजता शाळेतल्या मोठ्या बाई माझ्या मुलीला हा प्रश्न विचारणार, आणि ती त्यांच्या चपलांकडे बघणार. नाव माहीत नाही असं नाही हं! नाव येतं, पत्ता येतो, माझा फोन नंबर येतो, घरी तर पोपटासारखी बोलते — पण घराचा उंबरा ओलांडला की संपलं. सात महिने झाले शाळेत जायला लागून, एक शब्द नाही. एक नाही. वर्गातल्या बाई म्हणाल्या, उद्याही बोलली नाही तर पहिलीत बसवता येणार नाही, अजून एक वर्ष लहान मुलांत. म्हणाल्या काय, 'आमचाही नाइलाज आहे हो.'

ही काय, ही इथे खाली बसलीय ना, माझ्या पायाशी, काडीने उकरतेय ती. साडेपाच वर्षांची. — तिला नका विचारू, काका. म्हणजे विचारा, पण उत्तराची वाट नका बघू. मी सांगते ना तिच्या वतीनं, मला सवय आहे. भूक लागली का, मी सांगते. खेळायचंय का, मी सांगते. मागे डॉक्टरांनी विचारलं, कुठे दुखतंय, तेही मीच सांगितलं — डावा कान म्हणाले, निघाला उजवा. तर असं.

किती छान आहे हो बोट. मघापासून बघतेय. आगबोट ना ही? कठड्याला टाचण्या लावल्यात? टाचण्याच आहेत! आणि हा डेकवरचा एवढासा माणूस, एकटाच — बाकीचे कुठे गेले? नाही, चांगला दिसतोय एकटा, उगाच गर्दी कशाला. पण तुम्ही पाण्यात का सोडत नाही? मांडीवर घेऊन बसलाय सकाळपासून, बाळासारखी. तिकडे आमच्या कॅप्टनची बघा, रिमोटवर गरागरा फिरतेय. कॅप्टन म्हणजे खरा नाही हो, माझ्या मैत्रिणीचा नवरा, बँकेत असतो, पण टोपी घालतो ना, म्हणून कॅप्टन. आणि ती त्याची बायको — ती, तिकडे लांब, फळीवर उभी, लाल शिडाची — ती आमची वादळ. कॉलेजपासून वादळच म्हणतो. आणि हिरव्या शिडाची दातवाली, म्हणजे दातांची डॉक्टर. पडली बघा! पडली. आता शीड पाण्यातून ओढून काढेल, पाच मिनिटं लागतात तिला, मनगटात जोर नाही. माझं तिसरं असायचं. पिवळं.

हो, मग! मी करायचे ना विंडसर्फिंग. तुमचा विश्वास नाही बसणार, माझाही बसत नाही हल्ली. सुरुवातीला तिघींनी मिळून एक जुनी फळी घेतली होती, पाळीपाळीनं जायचो, आणि सांगते ना — बढाई वाटेल — तिघींत मीच बरी होते. त्यात युक्ती काही नसते. शीड वर ओढायचं, दांडी धरायची, वारा भरला की अंग मागे टाकायचं, अगदी पडल्यासारखं — आणि पडत नाही आपण. वारा धरतो. पहिल्यांदा सगळे दांडीला मिठी मारतात, आणि मिठी मारली की पडलोच. मागे झुकणाऱ्याला वारा धरतो, चिकटणाऱ्याला नाही. हे मी सगळ्यांना शिकवायचे. मी! आता मी बाकाच्या कडेवर बसतानाही मागे हात लावून बघते.

दर वर्षी याच दिवसांत येतो आम्ही, या तळ्यावर, त्या मागच्या बैठ्या घरात. आणि दर वर्षी वादळ माझं पिवळं शीड गाडीवर बांधून आणते. आणि दर वर्षी मी म्हणते, उद्या. कालही म्हणाली, 'चल गं, पोरीला कॅप्टनपाशी सोड तासभर, तो बोटी दाखवेल.' मी म्हटलं, छे, तिला माझ्याशिवाय नाही राहवत. शाळेतही मी फाटकाच्या आत बाकावर बसून असते ना, पहिला तासभर. वर्गात सोडताना सांगते, 'आई इथेच बसलीय हं.' रोज. सात महिने. त्या बाकावर माझ्या आकाराचा खड्डा पडला असेल. शिपाई मला आता शाळेचीच समजतो, परवा पाहुण्यांना पाणी द्यायला सांगितलं मला. दिलं मी.

— काय म्हणालात? फळा? हां, तो धक्क्याजवळचा. हो हो, वाचला मी आत्ता. म्हणजे आज वाचला. काल कॅप्टननं दहा मिनिटं समजावलं तेव्हा मी हिचं नाक पुसत होते. आणि गंमत सांगू, माझं कामच ते आहे, यंत्रांबरोबर पुस्तिका येते ना, तिच्यातल्या सूचना लिहिते मी घरी बसून. 'वापरण्यापूर्वी सर्व सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात.' हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा लिहिलं असेल! आणि स्वतः वाचते का? नाव नको. तर फळ्यावर एक ते बारा आकडे, प्रत्येक आकड्याला एकच चिमटा. आपल्या रिमोटचा जो नंबर, तो चिमटा काढून रिमोटला लावायचा, मगच बोट सोडायची. कारण एका नंबरचे दोन रिमोट चालू झाले तर एकानं डावीकडे वळवली की दुसऱ्याची बोट डावीकडे — बरोबर ना? आणि चिमटा जागेवर नाही म्हणजे कुणीतरी त्या नंबरवर चालवतंय. साधं आहे. तुमचा कुठला? सात. आणि सात नाहीये. अय्या. म्हणजे सकाळपासून तुम्ही त्यासाठी — कालपासून?! विचारलंत का सगळ्यांना? कॅप्टनकडे चार आहे, मला माहितीय. कुणीच कबूल नाही? बघा म्हणजे. खिशात घालून घरी गेला असेल कुणीतरी. लोक इतके बेफिकीर असतात ना, आपल्या एका चिमट्यानं दुसऱ्याचा रविवार अडून बसलाय याचा पत्ताच नाही! मी असते तर जाहीर सुनावलं असतं. म्हणजे नसतं सुनावलं, पण मनात बोलले असते खूप.

काय गं? का ओढतेस बाही? शू आली? नाही? मग भूक? हे घे बिस्किट. नको? मग बस शांत, काकांशी बोलतेय ना मी. — बघितलंत, अनोळखी माणूस जवळ असला की माझ्याशीसुद्धा बोलत नाही, नुसती बाही ओढते. या स्वेटरची डावी बाही बघा, उजवीपेक्षा चार बोटं लांब झालीय. पण हुशार आहे हं. आकडे येतात. हे बघा, काय काढलंय मातीत — सात! तुमचाच नंबर, ऐकलं ना तिनं. आणि उलटा नाही, सरळ काढलाय. उद्या मी बाईंना सांगणारच आहे, बोलत नसेल पण सात सरळ काढते. आणि हे शेजारी काय गं? चौकोन. खिडकी का? फडकं? बरं, छान, खिडकी छान काढलीस.

कामाचीही आहे. काल संध्याकाळी टॉवेल वाळत घालायचा होता — तो बघा, मागे कठड्यावर निळा दिसतोय ना, तो आमचा — आणि या वाऱ्यात दोनदा उडाला. मी म्हटलं, बघ गं कुठे चिमटा मिळतो का, आणि गेली तुरुतुरु, आणि घेऊन आली कुठून तरी. स्वतः लावला. एकटी गेली म्हणून मी मोजत उभी होते, एकशे चाळीस अंक झाले येईपर्यंत. मला वाटलं बुडालीच.

तुम्ही ऐकताय ना? नाही, तोंड उघडताय आणि मिटताय म्हणून विचारलं. माझं असंच होतं, सुरू झाले की... आठवडाभर बोलायला कुणी नसतं हो. हिचे बाबा दुसऱ्या गावी कामाला, तीन महिन्यांनी येतात. व्हिडिओवर बोलतात, तर ही त्यांनाही नुसती मान हलवते. परवा ते म्हणाले, 'आवाज विसरलो मी तिचा.' मी म्हटलं, रेकॉर्ड करून पाठवते. नाही पाठवला. का नाही पाठवला? राहिलं. रोज राहतं.

आज सकाळी ना, हिचं दूध गरम करायला गेले तर स्वयंपाकघरात त्या दोघी. दार लोटलेलं. वादळ म्हणत होती, 'मला तिची काळजी वाटते गं.' दातवाली म्हणाली, 'काळजी ठीक आहे, पण दर वर्षी आपण तिला बोलावतो आणि ती काठावर बसून असते, आपल्यालाच अपराधी वाटतं. पुढच्या वर्षी विचारू या का नको?' आणि मग वादळ गप्प. वादळ! जिनं आयुष्यात कधी गप्प बसायला हरकत घेतली नाही असं नाही — म्हणजे जी कधीच गप्प बसत नाही, असं म्हणायचंय मला. मी दूध थंडच दिलं हिला. आणि मग बाहेर येऊन मोठ्यांदा म्हटलं, 'जा गं तुम्ही दोघी, वारा मस्त सुटलाय, माझं उद्या बघू!' उद्या कुठला? आज शेवटचा दिवस. त्यांनीही 'बरं' म्हटलं. पिवळं शीड गाडीवरून उतरवलंच नाही यंदा. गुंडाळलेलं आहे तसंच.

— नाही, डोळ्यात काही गेलं नाही, वारा आहे.

तुम्हाला एक सांगू का? तुम्ही काही माझ्या ओळखीचे नाही, संध्याकाळी आम्ही निघून जाऊ, म्हणून सांगते. रात्री झोपताना ही बोलते. पांघरूण डोक्यावर घेऊन, माझ्या कानात. शाळेत कोण रडलं, कुणी कुणाचा रबर घेतला, बाईंच्या साडीवर किती फुलं होती, सगळं. तासभर. अख्ख्या जगात तो आवाज एकट्या माझ्याकडे आहे. आणि मी — आता हे कसं सांगू — उद्या ती बोलावी म्हणून मी नवस बोलायची तेवढी राहिलेय, खरं सांगते, पण काल रात्री छताकडे बघत पडले होते ना, तेव्हा माझ्या लक्षात आलं, मला दोन्हींची भीती वाटते. बोलली नाही तर, याची. आणि बोलली तर. कारण मग ती सगळ्यांशीच बोलेल. बाबांशी, बाईंशी, शेजारच्या मुलीशी. मग पांघरुणात सांगायला काय उरेल? आणि मी कुठल्या बाकावर... ऐका, हे असं कुठली आई बोलते का? मी कुणालाच सांगितलं नव्हतं हे. विसरून जा तुम्ही. वाऱ्यात ऐकू आलं नाही असं समजा.

तुम्हाला उशीर होत असेल. जायचंय का? काय सारखं मागे बघताय? — आणि तू कुठे निघालीस गं? थांब. अहो, ती — नाही, राहू द्या, तिला तुमची बोट बघायची असेल, मी सांगते तिला हात लावू नको म्हणून. अगं, काकांचा हात नको धरूस, त्यांना आवडणार नाही. आवडेल? बरं. ती काय म्हणतेय ना काका, तिला म्हणायचंय की —

"आजोबा, सात नंबर आमच्या टॉवेलला आहे. मीच आणला होता फळ्यावरून. चला, मी दाखवते. — आई, तू इथेच बस हं."