कुकरातली सफरचंदं

आक्काताई : अगं ए, आख्खा मिठाचा पुडा वतलास कुकरात? डोस्कं ठिकाणावर हाय का?

संघप्रिया : आई, ते मीठ खायचं नाही, तापवायचं. वर ताटली, ताटलीत सफरचंदं. रिंग काढली, शिट्टी काढली, झाला ओव्हन. टीव्हीवर बघितलंय मी.

आक्काताई : टीव्हीवाल्यास्नी पावणं बघाय येत न्हाईत. तुला येणार हायत, पाच वाजता, मलकापुरास्नं. पोरीनं काय केलंय म्हणून इचारलं तर काय सांगू? मिठावरलं सफरचंद?

संघप्रिया : मग काय करू? घरात पाय ठेवायला जागा नाही सफरचंदांमुळं.

आक्काताई : त्याला मी काय करू? बाबांचं सगळं दात काढलं म्हणल्यावर जो त्यो भेटाय आला, आन् जो त्यो सफरचंदं घिऊन आला. स्टँडवरल्या हंबीररावानं तर पेटीच टाकली. हे चावणार कशानं, एकाच्याबी ध्यानात आलं न्हाई.

संघप्रिया : आपल्यात माणूस आजारी म्हटलं की सफरचंद. पाय मोडो नाहीतर दात पडो.

आक्काताई : तुला ताप आला तरच एक यायचं घरात. फोडी तुम्हा भावंडास्नी, आन् बाबा साली खायाचं. सालीतच ताकद असती म्हणायचं. दात हुतं तवा चणं न्हवतं. आता चणं हायत तर दात कुटं हायत?

संघप्रिया : म्हणूनच की. गाभा काढून गूळ, काजू, बेदाणे, वेलची आणि तूप भरलंय. अर्ध्या तासात मऊ होतंय. वर साय घालायची आणि चमच्यानं खायचं.

आक्काताई : बरं, त्येच्यासंगं चकली आन् चिवडा ठिवू. कुटं हाय डबा?

संघप्रिया : खाली बाळाबाईंकडं देऊन आले.

आक्काताई : दोन दिस तळत बसलेय मी!

संघप्रिया : माहितीय. पण सगळे कडाकडा चकल्या मोडायला लागले की बाबा बाहेर बसतील का? कालपासून म्हणतायत, मी गावाला गेलोय म्हणून सांगा. ते बसणार नसतील तर मीपण बसणार नाही. बापाला आत लपवून मला नाही कुणाला दाखवून घ्यायचं.

आकाराम : माझ्या नावानं काय चाललंय आत?

आक्काताई : या. आधी त्यो तोंडावरचा टावेल काडा.

आकाराम : असू दे. कवळी येऊस्तवर मी कुणाम्होरं बसणार न्हाई. हिरड्या भरायला अजून पंधरा दिस लागत्यात. पावण्यास्नी पंधरा दिस थांबा म्हणावं.

आक्काताई : थांबत्यात व्हय? पोरगं पुण्यास्नं दोन दिसाच्या रजेवर आलंय.

आकाराम : अगं, तीस वर्सं स्टँडवर माईकवर बोललोय मी. मलकापूर, आंबा, रत्नागिरी, फलाट नंबर चार! माणसं हातातली भजी टाकून पळायची. आन् आता तोंड उघडलं की निस्ती हवा. पोराचा बाप, त्यो दादासो, काय म्हणंल?

संघप्रिया : काय म्हणायचं ते म्हणू दे. हे घ्या, चमचाभर चाखून बघा. फुंकून. साल नका घेऊ, आतलं घ्या.

आकाराम : साल टाकायची?

संघप्रिया : टाकायची.

आक्काताई : काय वो? मीठ लागलं व्हय?

आकाराम : न्हाई. गप जरा, खाऊ दे.

संघप्रिया : मग, बसणार?

आकाराम : बसतो. पण बोलणार न्हाई. आन् हसणार तर मुळीच न्हाई.

(संध्याकाळचे साडेसहा. पावणे गेलेत, आकारामही घरात नाही. मायलेकी वाट्या धुतायत.)

आक्काताई : रिक्षा मिळाली असंल न्हवं बाबास्नी? चपला तरी घातल्यात का?

संघप्रिया : चपला घातल्या. टॉवेल तेवढा खुर्चीवर राहिलाय.

आक्काताई : बघ की. महिनाभर जो माणूस गॅलरीत आला न्हाई, त्यो स्टँडवर पळाला. तेबी दुसऱ्याची कवळी घिऊन.

संघप्रिया : आल्या आल्या बाबांनी जयभीमसुद्धा हात जोडूनच केला, तोंड मिटून. मला वाटलं, आता असंच बसणार. तेवढ्यात दादासोंनी एक चमचा खाल्ला आणि म्हणाले, ताई, राग येणार नसंल तर एक बोलू का?

आक्काताई : मी तर घाबरलेच. म्हणलं, आता देण्याघेण्याचं काडतोय ह्यो.

संघप्रिया : आणि कवळी काढून रुमालात गुंडाळून बाजूला ठेवली. ह्याला कशाला ती, उगं टोचतीया, म्हणाले.

आक्काताई : बाबांचं आधी नुसतं खांदं हलाय लागलं. मग जे काय हसलं, खालनं बाळाबाई पळत आली काय झालं म्हणून.

संघप्रिया : येताना चकल्यांचा डबा घेऊनच आल्या.

आक्काताई : शाणी बाई. पोरानं चार खाल्ल्या माझ्या.

संघप्रिया : महिन्यानं हसले बाबा. मला रडूच आलं. संघर्ष विचारतोय, तिखट लागलं का? आता गोडात तिखट कुठनं येणार?

आक्काताई : संघर्ष? अजून व्हय न्हाई का न्हाई, आन् नावानं हाक?

संघप्रिया : मग काय, पावणं म्हणू?

आक्काताई : म्हणू नगंस. पण बाबांनी काय खाल्लंच न्हाई बघ. पोराच्या आईला आवडलं म्हणल्यावर आपली वाटी तिकडं सारली. जित्याची खोड.

संघप्रिया : बघितलं मी. म्हणून एक कुकरातच झाकून ठेवलंय. दार वाजलं बघ.

आकाराम : गावलं! पावणं गावलं!

आक्काताई : बसा आधी. पाणी प्या. कसं गावलं?

आकाराम : मलकापूरच्या दोन गाड्या लागल्याल्या, दोन्ही गच्च. हुडकायचं कुटं? गेलो कंट्रोलला. हंबीरराव ड्युटीवर. त्येनं माईक म्होरं सारला, म्हणाला, साहेब, तुमीच बोला.

आक्काताई : आन् बोललासा?

आकाराम : बोललो की. मलकापूरचं पावणं दादासो, तुमची कवळी राजारामपुरीत राहिल्याली, आणली हाय. फलाट नंबर चार.

संघप्रिया : बाबा! माईकवर कवळी म्हणालात?

आकाराम : मग काय म्हणू? आख्खं स्टँड हसाय लागलं. पावणा खिडकीतनं हात हलवतोय, त्योबी हसतोय, मीबी हसतोय. दोघांच्या तोंडात मिळून एक दात न्हाई.

आक्काताई : लाज न्हाई वाटली?

आकाराम : वाटायची हुती, पण सवडच गावली न्हाई. गाडी हलताना पावणा म्हणाला, दात दिलासा, आता लेक द्या. म्या म्हणलं, लेक काय रुमालात बांधून द्यायची न्हाई. तिला इचारून सांगतो. मग, काय सांगू?

संघप्रिया : होय म्हणून सांगा.

आकाराम : माझ्याकडं बघून सांग.

संघप्रिया : होय, बाबा. मला आवडलाय. आता हे घ्या, अजून गरम आहे.

आकाराम : एकच उरलंय व्हय? मग सुरी आण, तिघात फोडी करू.

संघप्रिया : सुरी नाही आणणार. हे तुमचं आहे.

आकाराम : आख्खं?

आक्काताई : आख्खं. आन् साल टाका.