वरच्या ओळीतली टाइल

मुलगी: भिंतीला भोक पाडायचं नाही, काही चिकटवायचं नाही, आणि स्प्रिंगची दांडी तर दोनदा खाली आली. मग बाबा, शॉवरचा पडदा मी हवेत लटकवू का?

बाबा: तीच दांडी परत लाव. जरा जास्त ताणून बसव.

मुलगी: गुळगुळीत टाइलवर ती घसरणारच. जन्मभर लोकांच्या बाथरूममध्ये टाइल्स बसवल्यात तुम्ही, हे मी सांगायचं?

बाबा: म्हणूनच म्हणतो. टाइलला भोक पाडलं की तडा गेलाच म्हणून समज.

मुलगी: गिऱ्हाइकांकडे तर धडाधड पाडायचात!

बाबा: ती त्यांची भिंत. ही माझी.

मुलगी: मी रोज दहा जणांच्या दातांना भोकं पाडते. आजवर एकही दात फुटला नाही.

बाबा: दाताला आधी सुई टोचून बधिर तरी करतेस.

मुलगी: आणि वर सांगतेही, दुखलं तर हात वर करा. बोला, भिंतीला देऊ इंजेक्शन?

बाबा: मलाच दे. कानात दे, म्हणजे तुझी बडबड थांबेल.

मुलगी: बरं, मग पडदाच नको. राहू दे.

बाबा: असं कसं? पडदा नाही तर पाणी दारापर्यंत येणार, फरशी ओली होणार, मी पाय घसरून पडणार, आणि तू माझी गाठोडी बांधून मला तुझ्या फ्लॅटवर नेणार. तुझं ठरलेलंच आहे ते.

मुलगी: काही ठरलेलं नाहीये. एक खोली रिकामी आहे, एवढंच म्हणाले.

बाबा: आल्यापासून तीनदा म्हणालीस.

मुलगी: तो पडदा द्या इकडे... बाबा, हे काय? मधल्या तीन कड्यांची भोकं फाटलीत.

बाबा: स्वस्तातला माल. दुसरं काय.

मुलगी: दांडी आपोआप पडली म्हणालात ना? आपोआप पडली तर पडदा फाटत नाही. कोणीतरी ओढला की फाटतो. आणि इथे बघा, मुठीत धरल्यासारखा चुरगळलाय.

बाबा: तू दातांची डॉक्टर आहेस की पोलीस?

मुलगी: बाही वर करा.

बाबा: कशाला?

मुलगी: इतकं उकडतंय आणि तुम्ही सकाळपासून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसलाय. मला तेव्हाच वाटलं होतं, कुठंतरी पाणी मुरतंय. करा वर. ...अहो बाबा! कोपर केवढं काळंनिळं झालंय!

बाबा: उतरतंय आता. आधी जास्त होतं.

मुलगी: कधी झालं?

बाबा: डोक्याला साबण लावताना डोळे मिटतो ना, तेव्हा जरासा तोल जातो. काहीतरी धरावंसं वाटतं. समोर पडदा होता.

मुलगी: दोन्ही वेळा?

बाबा: दुसऱ्यांदा नुसतं कोपर आपटलं.

मुलगी: आणि पहिल्यांदा?

बाबा: खाली बसलो होतो जरा वेळ.

मुलगी: जरा म्हणजे किती?

बाबा: पाणी गार होईपर्यंत.

मुलगी: आणि मला कळवलं नाहीत! मी रोज तुम्हाला विचारते, कसे आहात, आणि तुम्ही म्हणता ठणठणीत.

बाबा: सांगितलं असतं, तर आज तू पडदा लावायला आली असतीस? सामान भरायला आली असतीस. मला इथंच राहायचंय गं. आणि तू घाबरली असतीस.

मुलगी: आता काय हसतेय का मी? ऐका. माझ्या पिशवीत एक स्टीलचं हँडल आहे, भिंतीला लावून धरायचं. महिना झाला घेऊन. तुम्हाला राग येईल म्हणून काढलं नव्हतं. त्याला चार स्क्रू लागतात. आज ड्रिल चालवणार म्हणजे चालवणार.

बाबा: हँडल लाव. पण वरच्या ओळीला हात लावायचा नाही.

मुलगी: वरच्या ओळीत असं आहे तरी काय?

बाबा: उजवीकडून दुसरी टाइल. नीट बघ.

मुलगी: ही? ही तर... बाबा, ही वाकडी बसलीय! तुम्ही दुसऱ्याच्या घरी केसाएवढा फरक दिसला तरी जेवण सोडून उठायचात. तुमच्या हातून हे कसं झालं?

बाबा: माझ्या हातून नाही झालं. तुझ्या आईनं बसवली ती.

मुलगी: आईनं?

बाबा: माझी एक पद्धत होती. बाथरूमचं काम संपत आलं की शेवटची टाइल घरातल्या बाईला लावायला द्यायची. मागून सिमेंट मी लावून द्यायचो, ती भिंतीला दाबायची. तिची पाठ वळली की मी हळूच सरळ करून घ्यायचो. कुणाला पत्ता लागायचा नाही.

मुलगी: लबाड! आणि आईची?

बाबा: ती पालथ्या बादलीवर चढली. तू पोटात होतीस, सातवा महिना. मी घट्ट बादली धरून खाली बसलेलो. टाइल दाबली आणि वरून म्हणते कशी, बघा, तुमच्याहून सरळ बसवली.

मुलगी: मग लगेच सरळ का नाही केलीत?

बाबा: हात बादलीला होते. सोडतो कसे?

मुलगी: ती उतरल्यावर करायची.

बाबा: उतरली ती इतकी खुशीत होती की पार शेजारच्यांना बोलावून आणलं. तोवर सिमेंट वाळलं.

मुलगी: इतक्यात वाळतं?

बाबा: नाही वाळत.

मुलगी: म्हणजे मुद्दामच तशी ठेवलीत!

बाबा: ती गेल्यापासून रोज आंघोळीला आलो की आधी तिकडं नजर जाते. तुला आधीच सांगायला हवं होतं. वाटलं, म्हणशील, म्हातारा एका टाइलसाठी हट्टाला पेटलाय.

मुलगी: म्हणाले असते. मग कदाचित रडलेही असते. बाजूला व्हा जरा, बघू दे... बाबा, पडदा छतालाच टांगला तर? छतात चार हूक, त्यांना दांडी. भिंतीला धक्काच नाही.

बाबा: छताला! अरे, हे मला कसं सुचलं नाही?

मुलगी: तुम्ही भिंतीत अडकलेला माणूस. आणि हँडल इथे, कोपराच्या उंचीला. या टाइल्सना भोकं पाडलेली चालतील?

बाबा: खुशाल पाड. त्या सगळ्या मी लावल्यात, त्यांचं काय एवढं!

मुलगी: आणि आजपासून आंघोळ झाली की मला फोन. फोन आला नाही तर दवाखाना सोडून तडक इथे येईन.

बाबा: पेशंटचं तोंड उघडं ठेवून?

मुलगी: उघडं ठेवून.

बाबा: बिचारा. करीन बाई फोन. आणि ती रिकामी खोली?

मुलगी: राहील रिकामी. तुम्हाला हवी वाटेल तेव्हा बघू. चला, आधी छत, मग हँडल. ते स्टूल इकडे सरकवा.

बाबा: त्याचा एक पाय डुगडुगतो. थांब, मी धरतो. हं, चढ आता.

मुलगी: चढले. सुरू करू? दुखलं तर हात वर करा.

बाबा: हात कसा वर करू? तुझं स्टूल धरलंय ना मी.