काशीत मराठी कुणाला कळतंय!

काशीत मराठी कुणाला कळतंय, या भरवशावर मी चांगलीच तोंडघशी पडले. मुलांना मारू नका, धमकावू नका, हे आयांना शिकवणं माझं काम. त्या दिवशी माझी चार वर्षांची इरा सोबत होती. वर्ग चालू असताना तिने माझ्या तक्त्यांवर पाण्याची बाटली उपडी केली. मी गोड हसत मराठीत म्हटलं, "घरी चल, तुझी पाठच सोलते."

इराचा चेहरा उतरला. एक आई मात्र कौतुकाने म्हणाली, "देखिए, मैडम कितने प्यार से समझाती हैं!"

तेवढ्यात मागच्या रांगेतून अस्सल मराठी आलं, "ताई, मी इथल्याच मंगला गौरी घाटावरची जोशी. पाठ नंतर सोला, आधी पोरीला तक्ते पुसायला फडकं द्या."

इराने तक्ते पुसले. उरलेला वर्ग जोशीबाईंनी घेतला आणि मी इराला मांडीवर घेऊन आयांमध्ये बसले.