मृगातली वस्ती

तुम्ही तहसीलदाराचं कौतुक करायलात, तर हे ऐका. लातूर जिल्हा उस्मानाबादपासून नुकताच वेगळा झाला होता आणि वर दुष्काळ. एका वस्तीला टँकर मिळावा म्हणून मी महिनाभर पेपरात लिहीत होतो. कुणी हललं नाही.

त्यातच निलंग्याचा माझा वर्गमित्र सुट्टीला आला. तो क्ष-किरणांनी नवजात ताऱ्यांचा अभ्यास करायचा. धुळीच्या ढगात ते दिसत नाहीत, पण त्यांचे क्ष-किरण आरपार येतात. मी बातमी केली, संपादकांनी फेकली.

"लोक तहानलेत अन् तू तारे मोजायलास? लोकल आण!"

माझं डोकं फिरलं. तीच बातमी लोकल थाटात लिहिली: 'धुळीने वेढलेल्या नव्या वस्तीत तरुण भडकले. वारंवार उद्रेक, बाहेरून काहीच दिसेना.' हे तारे आहेत, असं शेवटच्या ओळीत. जागा कमी पडली की आमच्याकडे खालूनच कात्री लागायची. नेमकी तीच ओळ उडाली.

सकाळी तहसीलदार जीप घेऊन दारात.

"पत्रकारसाहेब, ही वस्ती कुठं हाय? वरून विचारायलेत."

"मृग नक्षत्रात. तारे आहेत ते."

"म्हंजे आपल्या हद्दीत न्हाई?"

"न्हाई."

"उस्मानाबादच्या बी न्हाई?"

"आभाळात हाय, साहेब!"

"सुटलो बघा!"

मी भडकलो. "टँकरसाठी महिनाभर बोंबललो, तेव्हा कुठं होता?"

साहेब शांतपणे जीपमध्ये बसले.

"ती वस्ती कुठं हाय, ते आम्हाला ठाऊक होतं की!"