कुसवळ्याचं अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

मंडळी, पुढे सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही सरका, झोप तिथेच येते! आज प्रश्न एकच आहे. माणूस हाक मारतो आणि हाकेला ओ येत नाही. पाप कोणाचं? ज्याला ऐकूच गेली नाही त्याचं? की ज्याने ऐकली आणि म्हणाला, ‘पुढच्या वर्षी बघू’, त्याचं? उत्तराची घाई नको. आधी ऐका.

तळकोकणात घाटाच्या पायथ्याला कुसवळे नावाचं गाव. तीस घरं. आधी शाळा बंद झाली, मग एसटी बंद झाली, मग एकेक दार बंद झालं. सगळे मुंबईला! राहिले दोघंच — भिकाजी घाडी आणि त्याची बायको येसू. घाडी म्हणजे देवापुढे गाऱ्हाणं घालणारा. गाव मागे उभं राहतं, घाडी देवाशी बोलतो. प्रत्येक मागण्याच्या शेवटी तो म्हणतो ‘म्हाराजा’, आणि सगळं गाव एका दमात म्हणतं, ‘व्हय म्हाराजा!’ गावाच्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. एकट्याचं गाऱ्हाणं म्हणजे नुसती बडबड.

एक दिवस कंपनी आली. ओसाड गावाचं हॉटेल करायचं. निसर्गाच्या कुशीत वगैरे. मुंबईकरांनी पटापट सह्या केल्या. अहो, ज्या विंचवाला भिऊन आपण पळालो, तोच विंचू बघायला आता पाहुणे येणार! अंगण सारवायला प्रशिक्षण दिलेली माणसं ठेवली. माझी आजी हे ऐकून हसून हसून पडली असती. पण खरं सांगतो, घरं उभी राहिली. पडवीला पुन्हा कौलं आली, विहिरीतला गाळ निघाला. जे तीस मुलग्यांना जमलं नाही, ते परक्यांनी केलं.

भिकाजीने मॅनेजरबाईंना एकच अट घातली. वैदेही त्यांचं नाव.

“माका दुसरा कायएक नको. वर्साक एक दीस माझो गाव माका परत होयो. देवदिवाळीक.”

बाईंनी शब्द दिला. त्या दिवशी एकही पाहुणा घ्यायचा नाही, सगळ्या खोल्या गावकऱ्यांसाठी मोकळ्या.

पहिल्या वर्षी अकरा जण आले. दुसऱ्या वर्षी तीन. तिसऱ्या वर्षी येसूने अंथरूण धरलं. पोटाचा आजार, डॉक्टरांनी हात टेकलेले. भिकाजीने घरोघरी फोन लावला. “ह्या खेपेक येवाच. येसूचा गाराणा घालूचा आसा.” सगळे म्हणाले, बघतो. मंडळी, ‘बघतो’ या शब्दाचा अर्थ तुम्हाला मी सांगायला हवा का?

देवदिवाळीची सकाळ. तीस खोल्या झाडून ठेवलेल्या. बाईंनी स्वतः रांगोळ्या घातलेल्या. काळ्या वाटाण्याचं सांबारं तयार. दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले. कोणी नाही! येसूने देवळाकडची खिडकी उघडून घेतली होती. तिला ऐकायचं होतं.

बाईंना राहवलं नाही. त्यांनी स्वयंपाकी, माळी, झाडू मारणारे सगळे गोळा केले. कोणी ओडिशाचा, कोणी झारखंडचा. “तात्या, हे म्हणतील. मी शिकवलंय त्यांना.”

भिकाजी म्हणाला, “बाय, तुझा मन चांगला आसा. पण ह्येंका कुसवळ्याचे म्हणान देवाक खोटा कसा सांगू?”

मग त्याने काय केलं? एकेकाला जवळ बोलावून नाव विचारलं, गाव विचारलं, घरी कोण आहे ते विचारलं. आणि उभा राहिला.

“बा देवा रवळनाथा! ह्यो दशरथ, ओडिशाचो. घराकडे म्हातारी आवस एकटी आसा. तिका सांभाळ, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” उच्चार वाकडे, पण आवाज खणखणीत. पन्नाशीचा तो स्वयंपाकी रडायला लागला. त्याच्या आईसाठी या मुलखात कोण मागणार होतं? असं एकेकाचं झालं. शेवटी भिकाजीची पाळी.

“बा देवा, माझी येसू...”

पुढचं येईना. ‘म्हाराजा’ हा शब्द काही निघेना. आणि ती माणसं? बिचारी हात जोडून शब्दाची वाट बघत उभी! त्यांना शिकवलं होतं की ‘म्हाराजा’ आलं की म्हणायचं. ते आलंच नाही. चूक त्यांची नाही हो. गाऱ्हाणं तिथेच राहिलं.

नवव्या दिवशी येसू गेली. बाराव्याला मात्र सगळं गाव हजर! गाड्या लावायला जागा नाही. आणि मंडपात चर्चा कसली? नदीकडची खोली कोणाला मिळणार.

आता उत्तर देतो. कुसवळ्यातलं वडाजवळचं घर माझं, मंडळी. फोन मलाही आला होता. मी म्हणालो, “तात्या, त्या दिवशी माझं कीर्तन आहे. पुढच्या वर्षी नक्की.” याच मंडपात, याच पाटावर उभं राहून मी त्या दिवशी तुम्हाला भक्ती शिकवत होतो.

मी तिथे असतो तर भिकाजीतात्या अडखळताक्षणी ओरडलो असतो — व्हय म्हाराजा! मला शब्दाची वाट बघावी लागली नसती. चार वर्षांचा असल्यापासून म्हणतोय मी ते. येसूकाकी वाचली नसती, मला ठाऊक आहे. पण आपल्यासाठी गावातलं कोणी बोललं, एवढं तरी ऐकून गेली असती. मी तिला तेवढंही दिलं नाही. मला लाज वाटते.

पाप कोणाचं ते कळलं ना? माझं. आता तुमचं तुम्ही बघा. आज आरती नाही, गजर नाही. तुम्हाला कोणी बोलावलंय आणि तुम्ही ‘बघतो’ म्हणालात, ते माणूस अजून जिवंत असेल तर उठा. मी इथे थांबतो. ज्याच्याकडे जावं असं मला आता कोणी उरलेलं नाही. तात्याही गेल्या महिन्यात गेले.